संपादन

माझं काम संपादनाचं.
म्हणजे विधेयकातले स्वल्पविराम बघायचे,
'करील' की 'करू शकेल' हे वर विचारून यायचं
आणि उत्तर येईपर्यंत कॉफी गार होऊ द्यायची.
बिस्मार्क, कॅपिटलची इमारत, सातवा मजला.
खिडकीबाहेर उणे बावीस.

यंदा आलेल्या विधेयकाचा विषयही संपादनच.
जमिनीचं. पूरनियंत्रणाच्या कालव्यासाठी.
फाईलवर नाव लिहिताना
पेन जरा अडखळलं, इतकंच.

कलम चार: रक्कम कोर्टात भरली की ताबा त्याच दिवशी.
किंमत योग्य की अयोग्य, ते भांडण मागाहून, सवडीने.
कलम पाच: जमीन म्हणजे
तिच्यावर उभं असलेलं, तिच्यात रुजलेलं
आणि पुरलेलं सगळं.
'पुरलेलं' मी घातलं नाही. मसुद्यातच होतं.
मी फक्त त्याच्या आधीचा एक स्वल्पविराम काढला.
कलम नऊ, तातडीचं: सही होताच अंमल.

सुनावणी गुरुवारी. माणशी तीन मिनिटं.
आर्लिस ट्वेट, वय एकोणऐंशी,
बर्फाने भरलेले बूट दाराशी काढून
मोज्यांवर चालत माइकपाशी आली.
"आपली नदी उत्तरेला वाहते," म्हणाली,
जणू समितीला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
"आमच्याकडे वितळतं तेव्हा खाली अजून गोठलेलंच असतं.
पाणी जाणार कुठे? पसरतं.
शहर वाचायला हवं, मला कळतं. नात राहते माझी तिथे.
कालवा खणा.
फक्त पंधरा मार्चपर्यंत थांबा.
सासऱ्यांनी लावलेलं सफरचंदाचं झाड आहे,
त्याला नाव नाही, दुसरीकडे कुठे ते नाही.
थंडी मोडायच्या बेताला काड्या कापते मी,
झाड झोपेत असतं तेव्हा.
कलम केलं तरच राहील ते."

अध्यक्षांनी चष्मा वर केला.
"नेमकं कितवं कलम, बाई?"

कुणीतरी हसलं. लाल दिवा लागला.
ती बूट घालायला खाली वाकली
आणि पुढच्या साक्षीदाराची दोन मिनिटं
तिच्या नाड्यांतच गेली.

मी कुणाच्या बाजूची?
ज्या वर्षी पाणी आलं त्या वर्षी मी शहरात होते.
शाळेच्या जिममध्ये रात्रभर वाळूची पोती भरली,
पहाटे घरी आले तर तळघरात
बाबांचा ॲकॉर्डियन तरंगत होता, उताणा,
हवा सोडत.
तेव्हा मला कुणी विचारलं असतं,
कालव्यासाठी कुणाचं शेत घेऊ,
तर मी नकाशाही न बघता बोट ठेवलं असतं.

व्हर्नन हाउक यांनी दुरुस्ती सुचवली:
ताबा पंधरा मार्चनंतर.
आवाजी मतदान झालं.
'नाही'वाले जरा मोठ्याने 'नाही' म्हणाले.
दुरुस्तीचा कागद माझ्याकडे आला,
मी त्यावर एक तिरकी रेघ मारली, सरळ येईना,
पट्टी घेऊन पुन्हा मारली.

सोमवारी स्वागतकक्षात एक पुडकं होतं.
ओल्या वर्तमानपत्रात बारा काड्या, पेन्सिलएवढ्या,
वर रबर, रबरात चिठ्ठी:
*लवकर कापल्यात. जगतील की नाही माहीत नाही.
कुणालाही द्या. डोळे वरच्या बाजूला.*
वर्तमानपत्राचं पान जाहीर नोटिशींचं होतं.
तिने मुद्दाम निवडलं असेल असं मला वाटत नाही.
तिच्या घरी तेच सगळ्यात जास्त उरत असणार.

आता त्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये आहेत,
दुसऱ्या कप्प्यात, हाउकसाहेबांच्या दह्याशेजारी.
मी कागद चिकटवला: 'फेकू नये.'
मग 'नये' पुरेसं बंधनकारक आहे का,
की 'फेकता येणार नाही' असं हवं,
याचा विचार करत राहिले
दार उघडं ठेवून,
पायांवर गार हवा येत होती तरी.