स्वस्तातला तांबडा

कुडचड्याच्या दुकानात दिवसभर मी
लोकांच्या नाकावर काचा बसवतो.
"स्वस्तातली, पण बरी दाखव"
हे बारा वर्षं ऐकून
माझ्याकडे त्याला एक ठरलेलं हसू आहे.
परवा रात्री ते हसू
माझ्याच समोर येऊन बसलं.

कॅमेरा आहे, जुना, रंग न कळणारा.
दुर्बीण आहे, नेत्रावळीत सोयरू वेळीपाच्या अंगणात
काजूच्या पोत्यांखाली झाकलेली.
नाहीत त्या काचा:
सव्वा इंची, नाण्याहून जरा मोठ्या,
ज्या एकाच रंगाला आत घेतात
आणि बाकीच्यांना दारातूनच परत लावतात.

वहीत अकरा हजार.
त्यातले सहाशे सोयरूच्या बायकोच्या चष्म्याचे,
आगाऊ दिलेले, ते माझे नव्हेत.
उरलेल्यात तीन रंगांचा साधा संच,
नाहीतर हायड्रोजनचा एकटा तांबडा,
सात नॅनोमीटरचा.
तीन नॅनोमीटरची किंमत पाहिली
आणि पान मिटलं,
गिऱ्हाइकं सोनेरी फ्रेमींचा खण मिटतात तसं.
बारा नॅनोमीटरचा निम्म्यात येतो,
पण एवढ्या रुंद फटीतून
सांग्याचे नवे पांढरे दिवेही आत शिरणार.
जुने पिवळे बरे होते,
एकाच रंगात जळायचे, एका काचेने अडायचे.
हे नवे सगळ्या रंगांत बोलतात.

हिरवा पहिल्यांदा गाळला.
सोयरू म्हणाला, गोव्यात राहून हिरवा गाळतोस?
म्हटलं, वर हिरवा तारा पाहिलायस कधी?
थोडा तांबडा, थोडा निळा मिसळला
की हिरव्याचं काम भागतं.
तो काजूच्या मोहराकडे बघत राहिला.
पटलं नाही त्याला. मलाही पुरतं नाही.

निळ्यावर मात्र अडलो,
कारण त्याच आठवड्यात एस्पेरान्सा माय आली
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून.
दुकानाच्या पायरीवर थांबली, वर पाहिलं:
"पुता, हें मळब आदींय अशेंच आशिल्लें?"
सत्तर वर्षं तिच्या डोळ्यात एक पिवळी काच
गुपचूप जाड होत गेलेली.
कुणी विकली नव्हती, पावती नव्हती,
आणि ती निळ्याला परत लावत होती.
वाचायचा नंबर काढताना माय म्हणाली,
इगर्जीतल्या दर मेणबत्तीला आधी कसं
गोल वलय असायचं. आता नुसती वात.
चुकल्यासारखं वाटतं रे थोडं.

शेवटी तांबडाच घेतला.
वापरलेला, पुण्याच्या एका कॉलेजच्या पोराकडून,
कडेला केसाएवढा चरा, आठ हजार नऊशे.
डबीत त्याने चिठ्ठी घातली होती:
बोट लावू नका.
मला सांगतोय!

निळा पुढच्या वर्षी.

आकाश उघडं होतं त्या रात्री अंगणात गेलो.
दंव इतकं की वहीची पानं चिकटली.
मृगाच्या पोटात रुतलेला बाण उगवत होता,
त्याच्या सगळ्यात खालच्या ताऱ्याशी
काळ्या ढगाची एक घोड्याची मान आहे,
ती मला हवी होती.
पाच पाच मिनिटांच्या चाळीस वेळा.
सोयरूने दुलई आणली, मग पेज आणली,
मग तोच येऊन बसला.

पडद्यावर आलं ते राखाडी.
तांबडा आत आला होता खरा,
पण कपडे बाहेर काढून ठेवून.
मान होती. अंधुक, जळक्या लाकडासारखी.
आणि तिच्या वर, त्या ताऱ्याभोवती,
बशीएवढं एक गोल वलय,
महागड्या काचेत जे दिसत नाही.

सोयरूने त्यावर बोट ठेवलं.
"हे पुसता येतं?"
येतं, म्हटलं. तासाभराचं काम आहे.
मग कुत्र्याला तिवईपासून हाकललं
आणि पुढची पाच मिनिटं उघडली.