कलम दोन : व्याख्या

पोर्ट विला. वीज गेलेली, पंखा थिजलेला.
मसुद्यात बाकी सगळं जागच्या जागी होतं :
कलम एक, नाव. कलम तीन, अंमल. कलम नऊ, दंड.
फक्त कलम दोनमध्ये ‘खुशाली म्हणजे’ लिहून
पुढं दोन ठिपके ठेवले होते मी,
आणि आठवडाभर ते
डासांसारखे चावत होते.

शेवटी बोटीनं टोंगोआला गेलो.
रात्रभर डेकवर, डुकरांच्या पिंजऱ्याला टेकून;
मांडीवर एकशे बारा प्रश्नांची सरकारी वही.

लेइसावी केवड्याच्या पानांची चटई विणत होती.
वर पाहिलंच नाही तिनं.
उत्पन्न?
‘चटई.’
महिन्याचं?
‘ज्या महिन्यात कुणाचं लग्न असेल, त्या महिन्याचं.’
बचत?
तिनं हनुवटीनं टेकडीपलीकडचं घर दाखवलं.
‘चाळीस कोनफळं. गेल्या साली त्यांना दिली.
माझ्याकडं राहिली असती तर कुजली असती.’
मी लिहिलं : बचत शून्य.
मग खोडलं.
मग खोडलेल्यावर बोट ठेवून बसलो,
शाळेत चूक झाकायचो तसा.

पान वळवत ती म्हणाली,
‘एवढं विचारलंस, एक राहिलं.
वादळानं छप्पर नेलं तर
किती उंबरे आहेत, जे तू
हाक न मारता ओलांडशील?
माझे नंतर लिही. तुझे सांग.’

माझ्या घराला फाटक आहे. फाटकाला कडी.
कडीला कुलूप, आणि शेजारी कोण
ते पत्राच्या पाकिटांवरून माहीत.
मी बोटं मोजायला घेतली.
अंगठा झाला, बहीण.
तर्जनीवर बराच वेळ थांबलो.
ती तोवर तीन ओळी विणून मोकळी.

परतीच्या बोटीत, हलत्या अक्षरात, लिहिलं :

ज्याअर्थी माणूस एकट्यानं तगत नाही,
आणि ज्याअर्थी वादळ दार ठोठावत नाही,
त्याअर्थी या अधिनियमात
‘खुशाली’ म्हणजे
हाकेवाचून ओलांडता येणारे उंबरे.
स्पष्टीकरण : उंबरा लाकडाचाच असावा असे नाही.

सचिव हसले. ‘हे कोर्टात टिकायला हवं, टारीमास.’
मग हसता हसता थांबले;
आपल्या छपरावरचे पत्रे कुणाचे,
ते आठवलं असावं.
सही केली.

दोन वर्षांनी पाहुणे आले, मोठ्या देशाचे, सात जण.
त्यांच्या नकाशात आमची बेटं
नेमकी घडीत येतात, कागद झिजलेला असतो तिथं.
विचारू लागले : हे प्रारूप
तीस कोटी लोकांना कसं लावायचं?
मी म्हटलं, मला माहीत नाही. बोट सकाळी सुटते.

लेइसावीनं केळीच्या पानात लापलाप बांधला होता.
‘दगड तापायचेत. बसा.’
ते बसले. घड्याळं पाहिली. पुन्हा पाहिली.
मग पाहायची सोडली.
तिनं आपणहूनच सांगितलं
की नवऱ्याचं थडगं किनाऱ्याला होतं,
वरच्या अंगाला, माडांच्याही वर.
यंदा समुद्र आला आणि घेऊन गेला.
‘तुमच्या धुराड्यांमुळं पाणी चढतं, असं हा पोरगा सांगतो.
खरं असेल. तो शिकलाय.
मला एवढंच सांगा,
तो आता कुणाच्या उंबऱ्यात शिरेल?’

दुभाष्यानं वाक्य अर्ध्यात सोडलं.
कुणी बोललं नाही.
फोडलेल्या पानातून वाफ निघाली, नारळाच्या दुधाची,
आणि पहिला वाटा तिनं टेकडीपलीकडं पाठवला.

त्या सातांत एक न्यायाधीण होती, पिकल्या केसांची.
तिनं बूट केव्हाच काढून ठेवले होते.
तिच्या लांब बाहीच्या आत, मला दिसलं,
बोटं हलत होती :
एक.
मग बराच वेळ काही नाही.