सुट्टे सात रुपये

भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी मोहटोल्याची मंडई.
रजेच्या अर्जात कारण लिहिलं : घरगुती.
डेपो मॅनेजर हसला. त्याला ठाऊक आहे,
अर्ध्या कंडक्टरांचं घर या दिवसांत
कुठल्या तरी ताडपत्रीखाली असतं.

पाचशे रुपये.
डाव्या खिशात खेळायचे, उजव्यात खायचे,
आणि उजव्यातून डाव्यात काही जायचं नाही.
हा कायदा माझाच. वीस वर्षांत
दोनदा मोडला. तिसऱ्यांदाचं पुढे सांगतो.

इस्तारी बांधावर उभा होता,
धानाच्या कडपांजवळ मोटरसायकल आडवी टाकून.
हेमराज गोंदियाहून आला, बूट करकरीत.
डोमानं कोंबडा आणला होता,
काखेत असा, की तापातलं लेकरू.
"नाव काय याचं?"
"नाव ठेवलं का मरते बे."

मोहाच्या झाडांमागे गोल रिंगण,
लालवर इतके, काबऱ्यावर इतके,
पायाला काती बांधून झाली, दोरा दातानं तोडला,
डोमानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं
आणि सोडला.
कोंबड्यानं समोरच्याकडे एकदा पाहिलं
आणि सरळ तुरीत शिरला.
तासभर आम्ही चौघं तुरीत वाकलेलो,
"ये रे बाप्पा, ये रे",
हेमराजच्या बुटांचं त्या तासात जे व्हायचं ते झालं.

मग भजे. मग पाळणा, इस्तारीला वर गेल्यावर भोवळ.
मग दंडारीचा ढोल, सिंगाडे, ऊस,
आणि चार वाजता झंडीमुंडीचा पट.

पटावर एक बाई बसली होती, चंद्रकला नावाची,
नाकात मोठी फुली, मांडीखाली नोटा,
सहा घरं, सहा फासे, एक पत्र्याचा डबा.
मी वाकून मुंडीवर वीस ठेवले.
तिनं डबा हलवला नाही. माझ्याकडे पाहिलं.
बटवा काढला, त्यातून चुन्यानं पांढरं झालेलं तिकीट.
मागं माझ्याच अक्षरात : ७.
"लाखांदूर फाट्याले उतरली होती मी, आखाडीच्या दिवशी.
सुट्टे नाही म्हनले तुमी."

सगळा पट हसला. माझे तिघे सगळ्यांत मोठ्यानं.
मी दहाची नोट दिली.
तिनं तीन रुपये मोजून परत केले,
तिकीट फाडलं,
म्हणाली, "आता लावा."

डबा उपडा पडला.
तो उचलायच्या आधी जेवढा वेळ असतो ना,
तेवढ्यासाठी मी येतो.
बाकी माझं सगळं आयुष्य
मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत मोजलेलं आहे.

चार मुंड्या!
इस्तारीनं मला उचललं. हेमराज चिखलात नाचला.
साडेपाचला माझ्याकडे सातशे चाळीस होते,
सहाला नव्वद,
आणि दिवे लागले तेव्हा उजव्या खिशातली पन्नासाची नोट
डाव्यात कशी गेली ते मी पाहिलं नाही.
चंद्रकलाबाईनं पाहिलं. "राहू द्या आता, साहेब."
राहू दिली नाही.

रात्री नाटक. खुर्चीचे पैसे नाहीत म्हणून तणसावर बसलो.
नायक जुगारी. पहिल्या अंकात शेत हरला,
दुसऱ्यात बायकोचा डोरला,
बायांच्या रांगेतून हुंदके आणि मधूनमधून
आमच्याकडे वळलेल्या माना.
हेमराज, दोन हजार घालवलेला, खाली पाहत बुटाचा चिखल खरवडत बसला.
तिसऱ्या अंकात नायक विष प्याला, कोसळला,
पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला,
मंडपात श्वासही नाही,
आणि डोमाच्या शालीतून
कोंबडा आरवला.

प्रेताचं पोट हलताना
पार शेवटच्या ओळीला दिसलं.

सहा दहाची पहिली गाडी. कंडक्टर खोब्रागडे.
माझ्या केसांतलं तणस बघून म्हणाला, "किती गेले?"
पास दाखवून मी खिडकीशी बसलो.
"घरगुती," म्हटलं.