तिसरा दशांश

चिंबोतेत मासळी उकडण्याचा वास येतो
तेव्हा लोक म्हणतात, पैसा शिजतोय.

चौथ्या मजल्यावर खिडकी लावून
नेलिदा वामांचुमो एका ओळीचं गणित फिरवते:
यंदाचे मासे गुणिले उरलेली जागा,
गुणिले वाढ.
शाळकरी पोरालाही जमावं.

वाढ तीनच्या खाली, तोवर रेघ
शहाण्यासारखी एका जागी बसते.
जरा वर नेली
की एक साल भरलेलं, एक रितं.
मग चारांचा फेरा. आठांचा.
मग कशाचा कशाला मेळ नाही.

मेहुण्याचा फोन, मागे इंजिनाची घरघर:
"नवी होडी बघितलीय. कर्ज पंधरा वर्षांचं.
घेऊ?"

ती एक रेघ सोडते ०.४१२ पासून,
दुसरी ०.४१३ पासून.
दहाएक वर्षं दोघी एकमेकींच्या सावलीत चालतात,
पुढे एक आभाळाला,
दुसरी तळाला.

हजारातला तो एक मासा
पाटीतून सांडला असेल, पेलिकनने नेला असेल,
किंवा रात्रपाळीच्या कारकुनाने
जांभई देत लिहिलं असेल: अंदाजे.
जुन्या नोंदवह्या ती उघडते.
'अंदाजे'तला तो लांब शेपटीचा जे
तिच्या बापाचा.

"पुढचं साल सांगते, एलेउतेरियो.
त्याच्या पुढचं दोन-तीन, चाचपडत.
पंधरावं नाही."
"म्हणजे गणित चुकतंय?"
"अजिबात नाही.
तेच तर."

तो बराच वेळ बोलत नाही.
मग विचारतो, तुझ्या बँकवाल्यांना
हे ठाऊक आहे का?