उभ्यानं

झुगदिदी ते मेस्तिया. वळणं मोजत नाही आता,
खड्डे मोजतो.
धरणापाशी एक, बोगद्यातून निघताना दोन,
आणि तो, पुलाच्या अलीकडचा,
ज्यात चाक पडलं की माझ्या तोंडून संताचं नाव निघतं
आणि मागची म्हातारी म्हणते, ड्रायव्हर भाविक आहे.

भाविक नाही, आजी. भेग आहे.
नखाएवढी. आठ महिने झाले.
सकाळी बसलो की वाटतं
काल कुणी जेवणातून काच घातली.
मग दोन तास धग. मग गाडी.

गावात डॉक्टर एकच, तोर्निके,
माझ्या लेकीचा नवरा.
महिनाभर त्याला पाठदुखी सांगितली.
त्यानं दोनदा पाठ तपासली, मग म्हणाला,
"बाबा, पाठ दुखणारा माणूस मागे टेकतो.
तुम्ही खुर्चीच्या काठावर बसता."

पुढचं मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं.
बाहेर जून, त्याच्या कॅलेंडरवर अजून मार्च.
"दुखतं म्हणून स्नायू आवळतो,
आवळतो म्हणून रक्त पोचत नाही,
म्हणून भरत नाही.
त्याला सोडायला शिकवायचं."
छपन्न वर्षं मला घट्ट राहायलाच शिकवलं होतं.

पहिलं मलम नायट्रोग्लिसरीनचं.
हेच औषध बाप जिभेखाली ठेवायचा, छातीत कळ आली की.
मी दुसऱ्या टोकाला लावलं,
आणि कपाळात घण पडायला लागले.
दुसरं तिबलिसीहून मागवलं.
झुगदिदीला मीच गाडीत घेतलं, मीच पोचवलं, मलाच.
चीजची रोटी बंद, राजमा सुरू.
लामारानं जॅमचं घंगाळ गरम पाण्यासाठी दिलं
आणि जॅमसाठी नवं आणलं.
काही विचारलं नाही.

अम्ब्रोसीच्या चाळिसाव्याला
मेलेल्यांच्या नावानं सगळे उठले, प्याले, बसले.
मी उभाच.
"बघा," टोस्ट सांगणारा गहिवरला, "याला म्हणतात दोस्ती!"
विधवेनं मला मिठी मारली.
अम्ब्रोसीनं माझे दोनशे लारी बुडवले होते.

आता निम्मी भरलीय. निम्मी नाही.
तोर्निके म्हणतो, एक तर सुई,
बोटॉक्सची. स्नायू तीन महिने ढिला पडतो,
तेवढ्यात भरली तर भरली.
नाही तर छोटा छेद. बहुतेकांची भरते.
"फक्त क्वचित, वारा...
थोडा, न विचारता जातो."
मी सोळा सीटची गाडी आठवली, काचा बंद, जानेवारी.

"पण हात माझा नको," तो म्हणाला,
"आपल्याला एका ताटात जेवायचंय."
म्हणून आज झुगदिदीच्या सर्जनकडे.
शेजारच्या सीटवर तो, मांडीवर माझी फाइल,
सुई की छेद, अजून ठरलेलं नाही.

पुलाच्या अलीकडे मी ब्रेक दाबला.
तो बोलत होता गवताच्या भावाबद्दल,
बोलता बोलताच
त्यानंही स्वतःला सीटवरून बोटभर उचलून धरलं.