लूप लाइन

कूलरचं पाणी संपलं की आधी लॅपटॉप ओरडतो,
मग मी.
भुसावळ, मे महिना, रात्रीचे अकरा.
भिंतीला हात लावला तर भिंतीलाही ताप.

एकशे बारा नमुने. सगळे तोंडाचे:
जीभ, गाल, हिरडीमागची ती चिंचोळी जागा
जिथं तंबाखूची गोळी तीस-तीस वर्षं भाड्यानं राहते.
प्रत्येकाचं रक्त वेगळं, गाठ वेगळी.
गाठीतल्या अक्षरांतून रक्तातली वजा करायची
आणि उरेल ते वाचायचं.
तीन अब्जांतून उरतात कधी दोनशे, कधी नव्वद,
सीच्या जागी टी, जीच्या जागी ए,
जशी कुणी रात्रपाळीत पेंगत पेंगत
नोंदवही उतरवून काढावी.

नावं नाहीत. नावं रुग्णालयानं कापून ठेवली.
के-एक ते के-एकशे बारा.

बैठकीत फरशीवर नकाशा पसरलाय,
चार कागद चिकटवून केलेला:
साखर कुठून शिरते, कुठं फुटते,
कुठल्या वाटेनं जाऊन कशाची काय होते.
बाबा चष्मा शोधत आले, गुडघ्यांवर बसले.
एकतीस वर्षं इथल्याच यार्डात पॉइंट्समन.
"हाई काय शे, माय? आपलं यार्ड?"

हो म्हटलं. सोपं होतं ते.

मग सांगितलं:
शहाणी पेशी एका वॅगनमधून छत्तीस पोती उतरवते.
ही बिघडलेली दोनच उतरवते,
बाकीचा माल आंबवून रुळाशेजारी ओतते
आणि पुढची रेक मागवते.
हवा भरपूर असते, तरी.

बाबांना राग आला. खरोखरचा.
शहाऐंशी साली सावद्याच्या केळीची एक वॅगन
चार दिवस उन्हात अडकली होती,
तिचा वास अजून त्यांच्या नाकात आहे.
"मंग तिले जोयजे तरी काय?"
विटा, बाबा. तिला जळण नकोय,
बांधकाम काढलंय तिनं.

इथं अडवलं तर, म्हणून मी एका बाणावर पेन्सिल टेकवली.
त्यांनी मान हलवली.
"आठे रोकशी ते तठेन जाई."
बोट लूपवरून सरकत सरकत
पुन्हा मेन लाइनला लागलं.
माझ्या प्रोग्रॅमला एवढं कळायला सव्वादोन दिवस लागले होते,
वीज गेली ते धरून.

"दोन्ही केबिनसनी एकदम लिव्हर ओढाले जोयजे."

म्हणून जोड्या लावल्या. दोन-दोन वाटा एकदम बंद.
एक्केचाळिसावी जोडी: वाढ शून्य.
मी खुर्चीतून उठले.
मग तीच जोडी निरोगी पेशीच्या नकाशात घातली.
तिथंही शून्य.
बसले.

रविवारी यावलहून रुबाब तडवी काका आले,
उत्तर केबिनचे, बाबांचे जोडीदार.
पोळ्याच्या आधी त्यांचा डावा जबडा काढला.
रुमाल हनुवटीला धरूनच असतात.
बोलणं हातांनी:
दोन्ही हात वर, थांब.
हात हळू वर-खाली, सावकाश ये.
इंजिनांच्या आवाजात दोघं जन्मभर असंच बोलले,
नवं काही शिकावं लागलं नाही.

काका नकाशाशी उभे राहिले.
छातीवर बोट. मग कागदावर.
मग पाची बोटं उघडी: कितवा?

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.
त्याच रुग्णालयातले नमुने, त्याच वर्षातले,
एवढं माहीत होतं.
तेवढं बोलले नाही.

पंख्यानं कागदाचा कोपरा फडफडत होता.
त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली,
हल्ली तिच्यात लवंगा असतात,
आणि कोपऱ्यावर ठेवली, नेमकी
जिथं साखर आत शिरते तिथं.
दारातून वळून बाबांकडे नाही, माझ्याकडे बघत
हात हळू वर-खाली केला.

डबी राहिली इथंच.
बेचाळिसावी जोडी चालू आहे,
कूलरमध्ये पाणी घातलंय.