साधं आणि अर्धं

केनेमाच्या बाजारात, मोबाइल चार्ज करणाऱ्या टपरीशेजारी
मंगळवारी माझं टेबल असतं.
एक पाय आखूड. त्याखाली
कायद्याच्या जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा.
पुस्तक इंग्रजीत, माणसं मेंडे बोलणारी,
मध्ये मी.

याटा पामतेलाचे डबे विकते.
उधारी थकली तशी घाऊकवाल्याने पोलीस आणले.
म्हणाली, मी चोर आहे का?
म्हटलं, परत द्यायचं म्हणून घेतलं ते देणं,
द्यायचंच नाही म्हणून घेतलं ती चोरी.
तिने ते दोनदा म्हणून पाहिलं,
नाणं दगडावर आपटून खणखणाट ऐकावा तसं.

सेनेसीला भाडेकरार कळत नव्हता.
घर त्याचं, कुलूप तुझं.
मुदत संपेपर्यंत त्याने दार वाजवायचं.
हे चटकन झालं.

वारसाहक्काला वेळ लागतो.
दीर भांडी मोजत असतो, विधवा बोलत नाही.
मग मी नुसतं विचारते, स्वयंपाक कुठे करतेस?
त्या चुलीपासून कायदा सुरू करायचा.

लोक म्हणतात, तुझं बोलणं पाण्यासारखं.
मी मान हलवत नाही.
बोकारीमुळे.

ओकाडा चालवायचा, एकोणीस वर्षांचा.
मारामारीत धरला. जामीन झाला तेव्हा
त्याच्या आईला मी एका शब्दात सांगितलं:
सुटला.
तिने गल्लीला भात घातला.
तारखेच्या दिवशी तो टोंगोला, खाणीवर
गुडघाभर पाण्यात खडी चाळत होता.
कोर्टात त्याचं नाव तीनदा पुकारलं.
पुन्हा धरला, तो सहा महिने आत.
आई भांडली नाही. एवढंच म्हणाली,
तो शब्द अजून लांब होता का?

होता.
साधं सांगायच्या नादात
मी अर्धं सांगितलं होतं.

आता जामीन असा सांगते:
बकरी चरायला सोडलीय, गळ्यातलं दावं नाही सोडलेलं.
दाव्याचं दुसरं टोक तारखेच्या हातात.
तारीख बोल. पुन्हा बोल.
घरच्यांनाही बोलायला लाव.
मागची रांग कुरकुरते, टपरीवाला शटर अर्धं ओढतो.

बोकारीची आई कधीमधी
शेंगदाण्यांची टोपली घेऊन शेजारी येऊन बसते.
कुणी तारीख चुकला
की माझ्याआधी तीच हटकते.